सगळी बचत शेअर बाजारात टाकावी का? उत्तर खडकवासल्याच्या धरणसाखळीत आहे

'एफडीत पैसे ठेवणारा कधीच श्रीमंत होत नाही.' 'तिशीत असाल तर शंभर टक्के इक्विटी, दुसरा विचारच करू नका.' अशी रील्स तुमच्याही मोबाईलवर रोज येत असतील. आतापर्यंत हा सल्ला रील्सपुरता होता. ऑक्टोबर २०२५ पासून मात्र सरकारी चौकटीतल्या निवृत्तिवेतन योजनेतही तो पर्याय अधिकृतपणे उपलब्ध झाला आहे. म्हणजे म्हातारपणासाठी बाजूला काढलेला प्रत्येक रुपया शेअर बाजारात घालता येतो.

घालता येतो, पण घालावा का?

हा प्रश्न आपण खडकवासल्यातून पाहू. पुण्याचं पाणी जिथून येतं, तिथे साठवणुकीचं एक जुनं गणित रोज मांडलं जातं. पैशांच्या साठवणुकीचं गणितही त्यापासून फार लांब नाही.

नेमकं काय बदललं?

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस. तिची नियामक संस्था पीएफआरडीए. या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून गैरसरकारी सदस्यांसाठी नवी चौकट लागू केली. खासगी नोकरदार, व्यावसायिक, गिग कामगार अशा सगळ्यांना आता एकाच पॅन क्रमांकावर एनपीएसच्या वेगवेगळ्या योजना घेता येतात. त्यातल्या जास्त जोखमीच्या योजनांमध्ये शेअर्सचं प्रमाण १०० टक्क्यांपर्यंत नेता येतं. आधी ही मर्यादा ७५ टक्के होती.

त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये पैसे काढण्याचे नियमही सैल झाले. गैरसरकारी सदस्याला निवृत्तीच्या वेळी ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी काढता येते, किमान २० टक्क्यांची पेन्शन योजना घ्यावी लागते. पूर्वी हे प्रमाण ६० आणि ४० होतं.

दोन्ही बदल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. स्वातंत्र्य वाढलं आणि त्याबरोबर जबाबदारीही सदस्याच्या अंगावर आली.

खडकवासल्यात हा प्रश्न कुणाला पडतो?

खडकवासला हे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. इथे किमान तीन प्रकारची कुटुंबं शेजारी शेजारी राहतात आणि तिघांचा प्रश्न वेगळा आहे.

पहिलं, सरकारी नोकरीतलं. १९१६ पासूनचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र इथे आहे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी इथे आहे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या नोकरीत लागलेले नागरी कर्मचारी एनपीएसमध्ये आहेत. त्यांच्यासाठी शंभर टक्क्यांचा पर्याय नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनाही 'एलसी-७५' हा पर्याय मिळाला. त्यात वयाच्या ३५ पर्यंत ७५ टक्के शेअर्स असतात आणि ५५ पर्यंत हे प्रमाण हळूहळू १५ टक्क्यांवर येतं. दुसऱ्या बाजूला, १ एप्रिल २०२५ पासून त्यांना युनिफाइड पेन्शन योजनाही खुली झाली. पंचवीस वर्षं नोकरी झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन त्यात निश्चित मिळते.

दुसरं, हिंजवडी, बाणेर किंवा खराडीला नोकरीला जाणारं आणि सिंहगड रस्त्यावर गृहकर्ज काढून राहणारं खासगी नोकरदार कुटुंब. पीएफ आहे, दोन-तीन एसआयपी आहेत, कंपनीचे थोडे शेअर्स आहेत.

तिसरं, जमीन गेलेलं. पुण्याच्या रिंगरोडसाठी हवेलीसह आसपासच्या तालुक्यांत भूसंपादन झालं. काहींनी बिल्डरला जमीन विकली. ज्या घरात कधी पगाराची स्लिप आली नाही, तिथे एकदम मोठी रक्कम खात्यात आली.

या तिघांना एकच रील दिसतं आणि एकच सल्ला मिळतो. गोंधळ तिथेच सुरू होतो.

शंभर टक्केवाले चुकीचं बोलतात का?

पूर्ण चुकीचं नाही. त्यांची बाजू आधी नीट समजून घेऊ.

आज महिन्याला ४० हजार रुपये घरखर्च असेल आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर २५ वर्षांनी त्याच खर्चाला सुमारे १ लाख ७२ हजार लागतील. आता मुदत ठेव बघा. ७ टक्के व्याज मिळालं आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या कर टप्प्यात असाल, तर हातात ४.९ टक्के उरतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात ५.६ टक्के. म्हणजे ठेवीतला आकडा वाढतो, पण त्याची खरेदीची ताकद दर वर्षी थोडी थोडी झिजते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे अनेकांना हा कराचा फटका बसणार नाही. तरीही महागाई वजा जाता फार काही उरत नाही.

शेअर बाजाराचं दीर्घकालीन चित्र याच्या उलट आहे. सेन्सेक्सची सुरुवात १९७९ मध्ये १०० अंकांवर धरलेली आहे. २०२५ च्या अखेरीस तो ८५ हजारांच्या आसपास होता. लाभांश न मोजताही हा वर्षाला सुमारे १५ टक्के चक्रवाढ दर होतो.

या बाजूने अभ्यासकही उभे आहेत. अनार्कुलोव्हा, सेडरबर्ग आणि ओ'डोहर्टी या तीन अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये एक शोधनिबंध मांडला. वय वाढेल तसं शेअर्स कमी करा, या पारंपरिक सल्ल्यालाच त्यांनी आव्हान दिलं. विकसित देशांच्या दीर्घ इतिहासावरून त्यांनी दाखवलं, की आयुष्यभर पूर्ण शेअर्समध्ये राहणारा सरासरीने पुढे राहतो.

पण त्या निबंधातली एक अट रील्समध्ये येत नाही. त्यांच्या हिशेबात शेअर्सपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या देशातले आणि दोन तृतीयांश परदेशातले होते. भारतीय गुंतवणूकदाराला हे करणं सोपं नाही. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर सगळ्या फंडांना मिळून ७ अब्ज डॉलर्सची मर्यादा आहे आणि ती भरत आल्यामुळे २०२२ पासून अनेक आंतरराष्ट्रीय फंडांना नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. त्यामुळे इथे 'शंभर टक्के शेअर्स' म्हणजे व्यवहारात जवळजवळ 'शंभर टक्के भारत' होतं.

मग अडचण कुठे आहे?

'दीर्घकाळात बाजार वरच जातो' या वाक्यात. दीर्घकाळ म्हणजे किती, हे त्यात सांगितलेलं नाही.

हर्षद मेहताच्या तेजीत २२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ४,४६७ वर बंद झाला. वर्षभरात तो जवळपास निम्म्यावर आला. मधे तो दोन वेळा चढलाही, पण एप्रिल २००३ मध्ये पुन्हा ३ हजारांच्या आसपासच होता. अकरा वर्षं गेली आणि निर्देशांक शिखराच्या एक तृतीयांश खाली. त्याच अकरा वर्षांत पीपीएफला बहुतांश काळ १२ टक्के व्याज मिळत होतं. तिथला एक रुपया तिपटीहून जास्त झाला. त्या पिढीतले काका-मामा 'शेअर म्हणजे सट्टा' असं का म्हणतात, याचं उत्तर इथे आहे. ते अडाणी नव्हते. त्यांच्या वाट्याला आलेला काळच तसा होता.

पुढचा धडा २००८ चा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,१६० वर होता. म्हणजे सुमारे ६० टक्क्यांची घसरण. २०१० च्या दिवाळीत त्याने जुनी पातळी गाठली, पण पुन्हा घसरला. त्या पातळीच्या वर टिकून राहायला २०१३ ची अखेर उजाडली.

आता हेच दोन आकडे पुढे न्या. जानेवारी २००८ च्या शिखरावर पैसे घालून २०२५ च्या अखेरपर्यंत थांबलेल्या माणसाला लाभांश सोडून वर्षाला सुमारे ८ टक्के मिळाले. पीएफचा व्याजदर २०२४-२५ मध्ये ८.२५ टक्के होता. आणि मार्च २००९ च्या तळाला घालणाऱ्याला? सुमारे १५ टक्के. चौदा महिन्यांच्या अंतराने आयुष्यभराचा परतावा जवळजवळ दुप्पट होतो. आपण शिखरावर उभे आहोत की तळाला, हे त्या क्षणी कुणालाच कळत नाही.

जपानचं उदाहरण याहून कडक आहे. निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं! म्हणजे पंचविशीत नोकरीला लागलेला माणूस त्या काळात साठीला टेकतो. भारताचं तसंच होईल असं कुणी म्हणत नाही. पण मोठ्या, प्रगत, कष्टाळू देशाच्या बाजारातही असं घडू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

अलीकडचे धक्के सौम्य होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने सेन्सेक्स २६ हजारांखाली गेला आणि वर्ष संपायच्या आत परत वर आला. सप्टेंबर २०२४ च्या शिखरानंतरची घसरण भरून यायला साधारण चौदा महिने लागले. आज एसआयपी करणाऱ्या अनेकांनी एवढंच पाहिलंय. 'पडला की विकत घ्यायचं, सहा महिन्यांत वर येतो' हा त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो फार छोट्या काळाचा आहे.

आकड्यांत बघूया

समजा, एखादी व्यक्ती दर महिन्याला १० हजार रुपये २५ वर्षं बाजूला टाकते. एकूण ३० लाख. गृहीतक असं, की ठेवी आणि रोख्यांवर ७ टक्के मिळतात आणि शेअर्सवर सरासरी ११ टक्के.

सगळं ठेवींत: सुमारे ८१ लाख.
सगळं शेअर्समध्ये: सुमारे १ कोटी ५८ लाख.
६० टक्के शेअर्स, ४० टक्के ठेवी, दर वर्षी प्रमाण जुळवून: सुमारे १ कोटी २० लाख.

इथपर्यंत शंभर टक्केवाला सहज जिंकतो. आता शेवटच्या वर्षी बाजार निम्मा झाला असं धरा. २००८ पेक्षा ही घसरण कमीच आहे.

सगळं ठेवींत: ८१ लाख, तसेच.
सगळं शेअर्समध्ये: ७९ लाख.
६०-४०: सुमारे ८४ लाख.

चोवीस वर्षांची आघाडी एका वर्षात संपली. शेवटच्या दहा वर्षांत शेअर्सचं प्रमाण हळूहळू ३० टक्क्यांवर आणलं असतं, तर त्याच घसरणीचा एकूण पुंजीला बसणारा फटका साधारण १५ टक्क्यांवर थांबला असता. एलसी-७५ सारख्या योजनांची रचना याच विचाराने केलेली असते.

निवृत्तीनंतर तर हा धोका आणखी वाढतो, कारण आता पैसे आत येत नाहीत, बाहेर जातात. दोन मैत्रिणींचं उदाहरण घ्या. दोघींकडे एक-एक कोटी, सगळे शेअर्समध्ये. दोघी दर वर्षाच्या सुरुवातीला ६ लाख काढतात. पाच वर्षांचा परतावा दोघींना सारखाच मिळतो: एकदा उणे ४० टक्के, दोनदा ३० टक्के, दोनदा १० टक्के. फक्त क्रम उलटा. पहिलीला पडझड पहिल्याच वर्षी भेटते, दुसरीला शेवटच्या वर्षी. पाच वर्षांनी पहिलीकडे सुमारे ७९ लाख ८० हजार उरतात, दुसरीकडे ९४ लाख ३० हजार. पैसे काढले नसते, तर दोघींकडे सारखेच, सुमारे १ कोटी २३ लाख असते.

पडलेल्या बाजारात घरखर्चासाठी शेअर्स विकावे लागले, की ते विकलेले शेअर्स नंतरच्या तेजीत आपल्याकडे नसतात. नुकसान तिथे कायमचं होतं.

धरणसाखळी काय शिकवते?

आता खडकवासल्याच्या पाण्याकडे बघू. पुणेकर 'धरण भरलं का?' असं विचारतात तेव्हा डोळ्यांसमोर चौपाटीवरून दिसणारं खडकवासला धरण असतं. प्रत्यक्षात या धरणाची उपयुक्त क्षमता फक्त १.९७ टीएमसी आहे. खरा साठा वरच्या तीन धरणांत आहे: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि टेमघर ३.७१ टीएमसी. चारही मिळून २९.१५ टीएमसी.

शहराला आणि कालव्याला पाणी खडकवासल्यातून दिलं जातं. ते कमी होऊ लागलं की वरच्या धरणांतून खाली सोडलं जातं. पाऊस लांबला तरी नळाला लगेच कोरड पडत नाही, कारण रोजचं पाणी आणि वर्षाचा साठा वेगवेगळ्या जागी आहेत.

पैशांची मांडणीही अशीच करता येते.

पहिला साठा खडकवासल्यासारखा: लहान, हाताशी असलेला. नोकरदारासाठी सहा महिन्यांचा खर्च, निवृत्त माणसासाठी दोन-तीन वर्षांचा. बचत खातं, मुदत ठेव, लिक्विड फंड. यावर परतावा किती मिळतो हा प्रश्नच नाही. हवा तेव्हा मिळतो का, एवढंच बघायचं.

दुसरा साठा तीन ते दहा वर्षांत लागणाऱ्या पैशांचा. मुलांचं शिक्षण, घराची दुरुस्ती, आई-वडिलांचं आजारपण. पीपीएफ, पोस्टाच्या योजना, सरकारी रोखे, ज्येष्ठांसाठी ३० लाखांपर्यंतची बचत योजना.

तिसरा साठा दहा-पंधरा वर्षांनंतरचा. तिथे शेअर्स शोभतात. या साठ्यात शंभर टक्के शेअर्स ठेवायलाही हरकत नाही, कारण पहिले दोन साठे त्याला थांबायला वेळ देतात.

म्हणून 'शंभर टक्के की नाही?' या प्रश्नाच्या आधी 'शंभर टक्के कशाचे?' असं विचारायला हवं. दीर्घ मुदतीच्या साठ्याचे शंभर टक्के आणि घरातल्या सगळ्या बचतीचे शंभर टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि पानशेत?

खडकवासल्याबद्दल लिहायचं आणि १२ जुलै १९६१ विसरायचं, हे पुण्यात शक्य नाही. त्या दिवशी बांधकाम पूर्ण व्हायच्या बेतात असलेलं पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खाली आला आणि १८७९ पासून उभं असलेलं खडकवासला धरणही त्यात फुटलं. मुठेकाठचं पुणे पाण्याखाली गेलं. दोन वेगळी धरणं होती, पण एकाच नदीच्या प्रवाहात होती. एकाचं संकट दुसऱ्यापर्यंत पोचलं.

आयटीतल्या नोकरदाराने हे ध्यानात ठेवायला हवं. त्याचा पगार आयटीतून येतो, त्याच्याकडचे कंपनीचे शेअर्स आयटीचे आहेत, फंडांतही आयटी कंपन्या आहेत, गृहकर्जाचा हप्ता त्याच पगारातून जातो आणि फ्लॅटची किंमतही पुण्यातल्या नोकऱ्यांवर अवलंबून आहे. जागतिक मंदी आली, तर नोकरी जाणं, शेअर्स पडणं आणि फ्लॅटला गिऱ्हाईक न मिळणं हे सगळं एकाच महिन्यात होऊ शकतं. कागदावर पाच गुंतवणुका दिसतात, पण प्रवाह एकच.

याउलट, सरकारी नोकरीतल्या माणसाचा पगार बाजाराबरोबर हलत नाही. त्याने युनिफाइड पेन्शन घेतली असेल, तर म्हातारपणीचं निश्चित उत्पन्नही आहे. म्हणजे त्याच्याकडे एक मोठी 'ठेव' आधीच आहे. उरलेल्या बचतीत त्याला खासगी नोकरदारापेक्षा जास्त शेअर्स झेपतात. घरोघरी मात्र उलटं दिसतं: सरकारी कर्मचारी सगळं एफडीत ठेवतो आणि ज्याच्या नोकरीची शाश्वती नाही, तो शंभर टक्के बाजारात असतो.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले होते. तो वाद वरकरणी पेन्शनचा होता. त्याच्या मुळाशी प्रश्न हाच होता, की बाजाराची जोखीम कुणी उचलायची, सरकारने की कर्मचाऱ्याने? खासगी नोकरदाराला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्याची जोखीम आधीपासून त्याचीच आहे.

मग सगळं बँकेत ठेवलेलं बरं?

तेही नाही, आणि हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. ठेवीदारांना, त्यातही निवृत्तांना, आपल्याच पैशांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. म्हणून मोठी ठेव असेल तर ती वेगवेगळ्या बँकांत विभागून ठेवा आणि अर्धा टक्का जादा व्याजाच्या मोहात पडू नका.

बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकी गुंतवणूक अभ्यासकाने १९४९ च्या पुस्तकात एक साधा नियम सांगितला होता: शेअर्स पाव हिश्शापेक्षा कमी नकोत आणि पाऊण हिश्शापेक्षा जास्त नकोत. त्या दोन टोकांच्या मधे आपली जागा शोधायची. त्यात महागाईचीही भीती सांभाळली जाते आणि पडझडीचीही.

गंमत म्हणजे आपला पीएफही आता पूर्ण 'सुरक्षित' बाजूला नाही. ऑगस्ट २०१५ पासून पीएफ संघटना नव्या जमा रकमेचा काही भाग ईटीएफमार्फत शेअर बाजारात घालते. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, पुढे हे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत गेलं.

एकरकमी मोठे पैसे आले असतील तर?

जमीन गेलेल्या कुटुंबासाठी शंभर टक्क्यांचा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे. याची कारणं तीन.

एक, हा पैसा पुन्हा येणार नाही. पगारदाराची एसआयपी बाजार पडल्यावर स्वस्तात जास्त युनिट्स घेते. ज्याच्याकडे पुढची आवक नाही, त्याला पडझडीचा हा फायदा मिळत नाही.

दोन, जमीन हेच त्या घराचं उत्पन्न होतं. म्हणजे रक्कम आली त्याच दिवसापासून त्यातून खर्चही सुरू होतो. वरच्या उदाहरणातल्या दोन मैत्रिणींचा धोका त्यांना पहिल्या वर्षापासून आहे.

तीन, सवय. मोबाईलवर रोज किंमत दिसणाऱ्या गोष्टीशी त्यांचा संबंध कधी आलेला नसतो. जमिनीचा भाव रोज दिसत नव्हता म्हणून ती विकायची घाईही नव्हती. पन्नास लाखांचे तीस लाख झालेले स्क्रीनवर दिसले, की शांत बसणं भल्याभल्यांना जमत नाही.

अशा घराने पहिले सहा महिने काहीच न करणं उत्तम. पैसे दोन-तीन मोठ्या बँकांत ठेवा. कर्ज असेल तर फेडा. पाच-सात वर्षांचा खर्च बाजूला काढा. उरलेल्यातला ठरावीक भाग दोन-तीन वर्षांत, हप्त्याहप्त्याने इंडेक्स फंडात घाला. बाजार या काळात वर गेला, तर थोडा फायदा हुकेल. हुकू द्या.

'शेअर्स' म्हणजे नेमकं काय?

या चर्चेत आपण शेअर्स म्हणालो, ते संपूर्ण बाजाराच्या अर्थाने, म्हणजे इंडेक्स फंड किंवा अनेक कंपन्यांत विभागलेला फंड. चार-पाच निवडक शेअर्स ही वेगळी गोष्ट आहे. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हा त्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि हिंदुस्थान मोटर्स होत्या. रस्त्यावर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर सोडून दुसरं फारसं काही दिसत नव्हतं, तेव्हा या कंपन्या बुडतील असं कुणाला वाटलं असेल? आज दोन्ही निर्देशांकात नाहीत. निर्देशांक टिकला, कारण तो हरलेल्यांना काढतो आणि नव्यांना आत घेतो. आपल्या डिमॅट खात्यात हे आपोआप होत नाही. २०२१ मध्ये डीएचएफएलच्या दिवाळखोरी प्रक्रियेत भागधारकांचे शेअर्स शून्य किमतीचे झाले. तिथे 'लाँग टर्म' थांबून काही उपयोग नव्हता.

आणि फ्युचर्स-ऑप्शन्स तर बचतीत मोजूच नका. सेबीच्या अभ्यासानुसार २०२४-२५ या वर्षात ९१ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा एक लाख कोटी रुपयांहून जास्त होता.

तुमचं प्रमाण कसं ठरवाल?

कोणताही एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. पण हे पाच प्रश्न कागदावर लिहून उत्तरं काढा.

१. हे पैसे कधी लागणार? पाच वर्षांच्या आत लागणार असतील, तर शेअर्समध्ये नकोत.

२. उद्या पगार थांबला, तर शेअर्स न विकता घर किती महिने चालेल? सहापेक्षा कमी असेल, तर आधी तो साठा भरा.

३. कुटुंबाचा आरोग्य विमा आणि कमावत्या माणसाचा मुदत विमा आहे का? नसेल, तर एका आजारपणात पडलेल्या भावाने शेअर्स विकावे लागतील.

४. शेअर्समधली रक्कम निम्मी झाली, तर रुपयांत किती जातील? टक्के बोलायला सोपे असतात. '५० टक्के' आणि 'बावीस लाख' हे ऐकायला वेगळं वाटतं. तो रुपयांतला आकडा घरात मोठ्याने वाचा. जोडीदाराचा चेहरा बघा. प्रमाण तिथेच बरंचसं ठरेल.

५. तुमचं उत्पन्न बाजाराबरोबर हलतं की स्वतंत्र आहे? हलत असेल, तर शेअर्सचं प्रमाण थोडं कमी ठेवा.

प्रमाण ठरलं की वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा किंवा वाढदिवसाला, ते पुन्हा जुळवा. ६० चे ७० झाले असतील, तर वरचे १० विका. ४५ झाले असतील, तर ठेवींतून थोडे घाला. २००९ च्या मार्चमध्ये खरेदी करायला हातात पैसे कुणाकडे होते? ज्यांनी सगळं आधीच बाजारात घातलं नव्हतं, त्यांच्याकडे.

विशीतल्या अविवाहित, कर्ज नसलेल्या, सहा महिन्यांचा साठा आणि विमा असलेल्या मुलीने एनपीएसमध्ये शंभर टक्के शेअर्स निवडले, तर त्यात वेडेपणा काही नाही. पीएफच्या रूपाने तिची ठेव बाजूला वाढतेच आहे. पंचावन्न वर्षांच्या तिच्या वडिलांनी तेच रील बघून तोच पर्याय निवडला, तर मात्र घरात बसून बोलायला हवं. एनपीएसचा पर्याय अर्जावर एका टिकमार्कने निवडता येतो. त्याआधी वरच्या पाच प्रश्नांसाठी एक रविवार काढा.